जुन्या गेम कार्ट्रिजमधला सेव्ह कुठे राहतो आणि बॅटरी बदलताना तो कसा वाचवायचा

तुमच्याकडे गेमबॉयच्या दोन कार्ट्रिज आहेत. पोकेमॉन रेड चालते, सेव्ह केल्याचंही दाखवते, पण गेमबॉय बंद करून पुन्हा लावला की मेनूत ‘कंटिन्यू’ नसतोच, फक्त ‘न्यू गेम’. पोकेमॉन गोल्डने मात्र तुमचा लहानपणचा सेव्ह अजून धरून ठेवलाय. रेड बाद झाली का, आणि गोल्डची बॅटरी बदलायची ठरवली तर आतला सेव्ह टिकेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

रेड बहुतेक बाद झालेली नाही, तिची बॅटरी संपली आहे. गोल्डचा सेव्ह मात्र बॅटरी काढली की जाणार. तेव्हा आधी त्या सेव्हची प्रत संगणकावर उतरवून घ्या आणि मगच बॅटरीला हात लावा. हा क्रम उलटा करू नका.

याचं कारण नीट समजून घेतलं तर पुढची दुरुस्ती सोपी जाते. कार्ट्रिज उघडली की आत एक छोटी हिरवी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, दिसते. तिच्यावर सर्वांत मोठी चिप रॉमची असते, अख्खा गेम तिच्यात. रेडमध्ये ती १ एमबीची, गोल्डमध्ये २ एमबीची. हा ‘मास्क रॉम’ आहे, म्हणजे त्यातली माहिती कारखान्यात चिप बनतानाच कायमची घडवलेली असते. तिच्यात नंतर एक अक्षरही लिहिता येत नाही. तुमचे बॅज, पकडलेले पोकेमॉन, खिशातले पैसे हे सगळं शेजारच्या दुसऱ्या चिपमध्ये जातं. ती ३२ केबीची स्टॅटिक रॅम, म्हणजे एसरॅम.

एसरॅममधला प्रत्येक बिट दोन छोट्या सर्किटांच्या जोडीत राहतो. एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या, त्यामुळे ती एकमेकांना एकाच स्थितीत धरून ठेवतात. एका बिटाला साधारण सहा ट्रान्झिस्टर लागतात. त्या काळच्या काही चिपमध्ये चार ट्रान्झिस्टर आणि दोन रोधक असत. वीज आहे तोवर ही पकड सुटत नाही. वीज गेली की जोडी सैल पडते आणि पुन्हा वीज आल्यावर कुठल्या बाजूला कलेल याचा भरवसा नाही. म्हणून तुमचा सेव्ह कागदावर लिहिल्यासारखा कायमचा उमटलेला नसतो. कार्ट्रिज कपाटात पडून असतानाही तो अखंड चालू असलेल्या विजेवर जगत असतो, आणि ती वीज येते ३ व्होल्टच्या बटण सेलमधून.

एका सेलवर तो वीस वर्षं कसा जगतो, याचा हिशेब करून बघा. नुसती माहिती धरून ठेवायला एसरॅमला फार कमी वीज लागते, आतल्या गळतीपुरतीच. सीआर १६१६ सेलची क्षमता सुमारे ५० मिलिअँपिअर-तास. वीस वर्षं म्हणजे १,७५,२०० तास. भागाकार केला तर सरासरी सुमारे ०.२९ मायक्रोअँपिअर येतात. एवढ्या किरकोळ प्रवाहावर ३२ केबी माहिती टिकते. पण ही गळती तापमानाबरोबर वाढते, ढोबळमानाने दर १० अंश सेल्सिअसला दुप्पट. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली कार्ट्रिज आणि थंड देशातल्या कपाटात ठेवलेली कार्ट्रिज यांची बॅटरी सारखीच टिकेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

गोल्डचं गणित वेगळं आहे. तिच्यात दिवस-रात्र आणि वार कळतात, म्हणजे घड्याळ आहे. पाटीवर ३२.७६८ किलोहर्ट्‌झचा बारीक क्रिस्टल दिसेल, आणि ते घड्याळ एमबीसी ३ या कार्ट्रिजची मेमरी सांभाळणाऱ्या चिपमध्ये गेमबॉय बंद असतानाही चालू असतं. घड्याळ आणि एसरॅम दोन्ही एकाच बॅटरीवर. म्हणूनच गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या गेममध्ये मोठा सीआर २०२५ (सुमारे १६० मिलिअँपिअर-तास) घातलेला असूनही त्यांच्या बॅटऱ्या जुन्या रेड-ब्लूच्याही आधी संपताना दिसतात. तुमची गोल्ड आजवर टिकली हे नशीब समजा आणि प्रत घेण्याचं काम याच आठवड्यात उरका.

आता लिहिण्याची क्रिया. गेमबॉयच्या प्रोसेसरला कार्ट्रिजमधली रॅम एरवी दिसतच नाही, एमबीसी चिपने ती कुलूपबंद ठेवलेली असते. गेमला सेव्ह करायचं असेल तेव्हा तो एका ठराविक पत्त्यावर १० हा आकडा लिहितो आणि रॅम उघडते. मग ८ केबीच्या चार कप्प्यांपैकी हवा तो निवडतो, गेमबॉयच्या स्वतःच्या मेमरीतली माहिती तिथे उतरवतो, शेवटी तपासणीसाठी बेरजेचा आकडा लिहितो आणि रॅम पुन्हा बंद करतो. हे कुलूप मुद्दाम ठेवलं आहे. गेमबॉय बंद करताना व्होल्टेज एकदम शून्यावर येत नाही, काही क्षण घसरत जातं. त्या क्षणांत प्रोसेसर भरकटतो आणि कुठल्याही पत्त्यावर काहीही लिहू शकतो. रॅम उघडी असेल तर त्यात तुमचा सेव्ह गेला.

त्याच्या जोडीला पाटीवर आठ पायांची एक छोटी चिप असते, बहुतेक वेळा एमएम ११३४, एमएम १०२६ किंवा बीए ६१२९. ती व्होल्टेजवर नजर ठेवते. गेमबॉयकडून येणारा पुरवठा ठराविक पातळीखाली गेला की ती एसरॅमला बॅटरीवर वळवते आणि एसरॅमची निवड-पिन वर ओढून धरते, म्हणजे कोणी काही लिहू पाहिलं तरी चिप ऐकत नाही. सेव्ह टिकण्यात बॅटरीइतकाच हिचा वाटा आहे. दुरुस्ती करणारे तिच्याकडे फार उशिरा वळतात.

ती नसती तर काय झालं असतं, हे निन्टेन्डोच्या आधीच्या मशीनवर दिसतं. बॅटरीवाल्या कार्ट्रिज येण्याआधी सेव्ह म्हणजे वहीत उतरवून घेतलेला पासवर्ड असे. १९८६ च्या जपानी ड्रॅगन क्वेस्टचा पासवर्ड २० अक्षरी, दुसऱ्या भागाचा ५२ अक्षरांपर्यंत जाई. एक अक्षर चुकलं तरी सगळं व्यर्थ. १९८७ मध्ये अमेरिकेत लेजंड ऑफ झेल्डाची सोनेरी कार्ट्रिज आली, ती आत बॅटरी आणि ८ केबी एसरॅम घेऊन. पण तिच्यात व्होल्टेजवर नजर ठेवणारी अशी चिप नव्हती, डायोड-रोधकांवर भागवलं होतं. म्हणून गेमच सांगायचा की रीसेट दाबून धरा आणि मग पॉवर बंद करा. रीसेट दाबलेला असताना प्रोसेसर थांबलेला असतो, त्यामुळे व्होल्टेज घसरताना तो रॅममध्ये काही खरडू शकत नाही. आजही ती कार्ट्रिज खेळत असाल तर हा नियम पाळा, तो शोभेचा नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी असलेल्या ‘टीव्ही गेम’च्या बहुगेमी कॅसेटींत मात्र बहुधा बॅटरीही नसे आणि सेव्हची रॅमही नसे. त्या उघडून बॅटरी शोधण्यात अर्थ नाही.

लिहिलेला सेव्ह खरा की खराब हे गेमला कसं कळतं? रेडच्या इंग्रजी आवृत्तीचं उदाहरण घेऊ. ३२,७६८ बाइटच्या सेव्हमध्ये शून्यापासून मोजलं तर ९६२४ ते १३६०२ या जागांवरचे ३,९७९ बाइट गेम एकत्र करतो, बेरजेचा शेवटचा एक बाइट ठेवतो, त्याचे सगळे बिट उलटे करतो आणि ते उत्तर १३६०३ व्या जागी लिहितो. पुढच्या वेळी पुन्हा बेरीज करून ताडून पाहतो. जुळली नाही तर सेव्हची फाइल नष्ट झाल्याचा संदेश येतो. एकाच बाइटची बेरीज ही कच्ची तपासणी आहे, निव्वळ कचराही २५६ मध्ये एकदा पास होईल. शिवाय रेडमध्ये दुसरी प्रत नाही. गोल्डमध्ये ती आहे: पहिली प्रत जुळली नाही तर गेम राखीव प्रत वाचून पाहतो. सुपर निन्टेन्डोवरच्या झेल्डाच्या तिसऱ्या भागातही तिन्ही फाइलींची दुसरी प्रत त्याच ८ केबीमध्ये ठेवलेली असते.

लिहिण्याच्या क्रमाला किती महत्त्व आहे हे गोल्ड-सिल्व्हरमधल्या प्रसिद्ध ‘क्लोनिंग’वरून कळतं. बॉक्स, म्हणजे पोकेमॉन साठवायचा कप्पा, बदलताना गेम आधी बॉक्सची माहिती लिहितो आणि तुमच्या सोबतच्या सहा पोकेमॉनची नंतर. मधल्या क्षणी पॉवर बंद केली तर नुकताच बॉक्समध्ये टाकलेला पोकेमॉन बॉक्सच्या नव्या नोंदीतही असतो आणि सोबतच्या जुन्या नोंदीतही. मुलांनी याचा फायदा उठवला, पण क्षण जरा चुकला तर याच खेळात पूर्ण सेव्ह खराब होतो. ज्या कार्ट्रिजमधला सेव्ह तुम्हाला जपायचा आहे तिच्यावर हे करू नका.

तुमच्या रेडचं निदान कार्ट्रिज न उघडता होतं. गेम सुरू करून थोडं खेळा, सेव्ह करा आणि पॉवरला हात न लावता ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट ही चारही बटणं एकदम दाबा. गेम पहिल्यापासून सुरू होईल. आता ‘कंटिन्यू’ दिसला तर एसरॅम, एमबीसी आणि कार्ट्रिजचे संपर्क ठीक आहेत. बिघाड फक्त बॅटरीकडून एसरॅमकडे येणाऱ्या वाटेवर आहे. ‘कंटिन्यू’ इथेही दिसला नाही तर आधी कार्ट्रिजचे पिन साफ करा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, काडी काळी व्हायची थांबेपर्यंत. तोंडाने फुंकू नका, श्वासातला ओलावा तांब्यावर बसतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात त्यात आणखी भर नको.

आता गोल्ड. सेव्ह उतरवायला कार्ट्रिज वाचणारं उपकरण लागतं. गेमबॉयसाठी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू आणि त्याच्याबरोबर फ्लॅशजीबीएक्स हा मोफत प्रोग्रॅम ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह, एन ६४ अशा बऱ्याच मशीनच्या कार्ट्रिज असतील तर सानीचा खुला कार्ट रीडर बघा. उपकरणावर व्होल्टेजचा खटका असेल तर आधी तो तपासा. गेमबॉय आणि गेमबॉय कलर ५ व्होल्टवर चालतात, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स ३.३ वर. अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिज ५ व्होल्टवर लावली तर तिला इजा होऊ शकते.

पहिल्यांदा सेव्ह नाही, रॉम वाचा. रॉमच्या आत त्याच्या बेरजेचा आकडा छापलेला असतो आणि प्रोग्रॅम तो ताडून पाहतो. तो जुळला म्हणजे सगळे पिन नीट टेकलेत. मग ‘बॅकअप सेव्ह डेटा’ निवडा. गोल्डसाठी घड्याळाची वेळही सोबत घेण्याची सोय आहे, ती घ्या. आलेली फाइल ३२,७६८ बाइटची असायला हवी, घड्याळ धरून थोडी जास्त. कार्ट्रिज काढून परत लावा, दुसऱ्यांदा सेव्ह वाचा आणि दोन्ही फाइली ताडून पाहा. घड्याळाचे बाइट सोडता त्या तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत. नसतील तर पिन पुन्हा पुसा. अख्खी फाइल २५५ किंवा शून्यांनी भरलेली असेल तर सेव्ह वाचलाच गेलेला नाही. शेवटची खात्री एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर: एमजीबीएमध्ये रॉम आणि सेव्ह उघडा, ‘कंटिन्यू’ दाबा, तुमचे पोकेमॉन मोजा. इतकं झाल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका.

उपकरण मिळण्यासारखं नसेल तर लोक कार्ट्रिज चालू ठेवून बॅटरी बदलतात. उघडी पाटी चालू गेमबॉयमध्ये लावायची आणि तशीच सोल्डर करायची, हा प्रकार मी कोणालाही सुचवणार नाही. जरा हलली की संपर्क तुटतो, आयर्नचं टोक चुकून दोन पायांना लागलं तर चिपच जाते. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा: वेगळ्या सीआर २०३२ सेलला वायरी जोडा, धन वायरीत १एन ५८१७ हा शॉट्की डायोड घाला (पट्टीची बाजू कार्ट्रिजकडे), आणि ही तात्पुरती वीज बॅटरीच्या धन आणि ऋण जागांना जाणाऱ्या वाटेवर कुठेतरी सोल्डर करून मग जुना सेल काढा. डायोडमुळे जुना सेल तात्पुरत्या सेलला उलटा चार्ज करू शकत नाही. डायोडवर थोडं व्होल्टेज पडतं, पण माहिती धरून ठेवायला एसरॅमला साधारण २ व्होल्ट पुरतात. तरीही यात सेव्ह जाण्याचा धोका खरा आहे.

बॅटरी बदलायला लागणारं सामान थोडंच. गेमबॉय, सुपर निन्टेन्डो आणि एन ६४ च्या कार्ट्रिजला ३.८ मिमीचा गेमबिट (त्यांच्या खास स्क्रूंसाठीचा पाना) लागतो, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग. पेनाचं प्लास्टिक वितळवून बनवलेला जुगाड स्क्रूचं डोकं खराब करतो, गेमबिट विकतच घ्या. सेल मात्र पत्र्या आधीच जोडलेला हवा, ‘टॅब’वाला. साधा सीआर २०३२ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, पण टॅबवाला सीआर २०२५ किंवा १६१६ मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून पाहावा लागेल, नाहीतर ऑनलाइन. मागवण्याआधी कार्ट्रिज उघडून सेलवरचा आकडा वाचा. रेडमध्ये बहुधा १६१६ असतो, पण काहींत २०२५ निघतो. गोल्डमध्ये २०२५. तिथे २०३२ घालायचा मोह टाळा, तो २०२५ पेक्षा ०.७ मिमीने जाड असतो आणि कवच दाबून बंद करावं लागतं. चार्ज होणारा एलआयआर २०३२ तर अजिबात नको; त्याचं व्होल्टेज ३.६, क्षमता फार कमी, आणि कार्ट्रिजमध्ये त्याला चार्ज करणारं काही नसतंच.

साध्या सेलला थेट सोल्डर करू नका. तेवढी उष्णता आतल्या पडद्याला आणि सीलला सोसत नाही, सेल गळतो किंवा फुटतो. चिकटपट्टीने सेल दाबून बसवणारेही आहेत. काही महिन्यांत पट्टी सैल होते आणि एखाद्या धक्क्याने सेव्ह उडतो. होल्डर बसवण्याची कल्पना सुपर निन्टेन्डो किंवा एन ६४ च्या मोठ्या कवचात चालते, गेमबॉयमध्ये जागा नाही.

काम करताना आधी पाटीचा फोटो काढा. धन-ऋण खुणा पाटीवर छापलेल्या असतात, तरी जुन्या पत्र्या कशा वळल्या होत्या हे फोटोत दिसतं. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं ६०/४० सोल्डर लावा, मग ते पटकन वितळतं. पत्री उचलायला ओढाताण करू नका, सोल्डर पूर्ण वितळल्यावर ती आपोआप सुटते. ऋण बाजू पाटीवरच्या मोठ्या तांब्याला जोडलेली असल्याने तिथे जास्त वेळ लागतो, आणि इथेच लोक घाई करून पाटीवरची तांब्याची जागा उखडतात. एकदा ती उखडली की वायर टाकून जोडणी करत बसावं लागतं. नवा सेल लावताना प्रत्येक सांध्याला दोन-तीन सेकंद पुरतात. शेवटी सोल्डरमधून पाटीवर उरलेला फ्लक्स अल्कोहोलने पुसून काढा. फ्लक्सचा चिकट थर दमट हवेत थोडी वीज गळवतो, आणि आपला सगळा हिशेब मायक्रोअँपिअरच्याही अंशाचा आहे.

त्यानंतर गोल्डचा सेव्ह उपकरणातून परत लिहा, पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडा. गेममध्ये वेळ चुकीची दिसली तर ती लावून घ्या. रेडमध्ये नवा सेव्ह करा, कार्ट्रिज बाहेर काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. लगेच बंद-चालू करून समाधान मानू नका, पाटीवरचे कपॅसिटर बॅटरीशिवायही थोडा वेळ माहिती धरतात आणि फसवतात.

नवा सेल लावूनही सेव्ह टिकत नसेल तर मल्टीमीटर घ्या. कार्ट्रिज मशीनबाहेर असताना एसरॅमच्या २८ व्या पिनवर (१४ वी पिन जमीन, म्हणजे ऋण बाजू, धरून) बॅटरीपेक्षा थोडंच कमी व्होल्टेज दिसायला हवं. तिथे शून्य असेल तर सांधा कच्चा आहे, धन-ऋण उलटं लागलंय किंवा ती आठ पायांची चिप गेली आहे. २८ वर ठीक, पण २० व्या पिनवर, म्हणजे निवड-पिनवर, तेवढंच व्होल्टेज नसेल तर एसरॅम बंद असतानाही जागी राहते; त्याने सेव्हही बिघडतो आणि बॅटरीही खाल्ली जाते. नवी बॅटरी काही आठवड्यांतच उतरत असेल तर पाटीवर कुठेतरी गळती आहे: जुन्या सेलचा सांडलेला द्रव, न पुसलेला फ्लक्स किंवा मरायला टेकलेली एसरॅम.

मल्टीमीटरच्या बाबतीत एक गैरसमज मात्र सगळीकडे दिसतो. जुन्या सेलवर ३.० व्होल्ट आले म्हणून तो चांगला, असं नाही. लिथियम सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग झपाट्याने कोसळतं. ३.२ दिसले तर सेल ताजा, २.५ च्या खाली असेल तर त्याचे थोडे दिवस उरलेत. मधल्या आकड्यावरून काहीच कळत नाही. वयावर विश्वास ठेवा. १९९८ ते २००१ मधल्या कार्ट्रिजमधला मूळ सेल कितीही व्होल्ट दाखवो, तो बदलण्याजोगाच.

सगळ्या कार्ट्रिजना हे लागू नाही, म्हणून उघडण्याआधी गेम ओळखा. एन ६४ वरच्या सुपर मारिओ ६४ मध्ये बॅटरीच नाही. तिच्यात ५१२ बाइटची ईईप्रॉम चिप आहे आणि ती विजेशिवाय माहिती धरते. चार फाइली, प्रत्येकीच्या ५६ बाइटच्या दोन प्रती, मिळून ४४८. उरलेल्या ६४ मध्ये मेनूच्या माहितीच्या ३२ बाइटच्या दोन प्रती. एक बाइटही वाया नाही, असं काम आज क्वचित बघायला मिळतं. त्याच मशीनवर ओकारिना ऑफ टाइममध्ये मात्र एसरॅम आणि बॅटरी, तर मेजोराज मास्कमध्ये फ्लॅश, म्हणजे विजेशिवाय माहिती धरणारी मेमरी. सेगाच्या सॉनिक ३ मध्ये १९९४ सालीच फेरोइलेक्ट्रिक रॅम होती, तीही बॅटरीविना.

पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्डबद्दल लोक हमखास गोंधळतात. सुरू करताना आतली बॅटरी संपल्याचा संदेश येतो आणि सेव्ह गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो. त्यांचा सेव्ह १२८ केबीच्या फ्लॅशमध्ये आहे, सीआर १६१६ फक्त घड्याळासाठी. बॅटरी बदलली नाही तरी खेळता येतं, बेरी वाढणं वगैरे वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी तेवढ्या थांबतात. तेव्हा घाबरून घाईत सोल्डर करू नका. एमराल्ड किंवा फायररेड सुरू होताना ‘१एम सब-सर्किट बोर्ड’ बसवलेलं नाही असा संदेश आला तर गेमला ती फ्लॅश सापडलेली नाही. असा संदेश देणारी कार्ट्रिज बहुतेक वेळा नकली असते, आणि अशी नकली कार्ट्रिज आपल्या बाजारात सर्रास मिळते. तिच्यात बॅटरी बदलून काहीही साधत नाही.

बॅटरीची कटकट कायमची मिटवायची म्हणून काही जण एसरॅम काढून तिथे एफएम १८डब्ल्यू०८ ही ३२ केबीची फेरोइलेक्ट्रिक रॅम बसवतात. पिनांची मांडणी जुळते, पण ही चिप प्रत्येक वेळी निवड-पिन खाली येताना पत्ता टिपते. ज्या पाटीवर ती पिन सतत खाली धरलेली असते तिथे चिप चालणार नाही. बारीक पायांच्या २८ पिन काढताना मूळ पाटी खराब होण्याची शक्यता बरीच असते. गोल्डमध्ये तर घड्याळासाठी बॅटरी राहणारच, म्हणजे फायदा अर्धाच. तुमच्या दोन्ही कार्ट्रिजना चांगल्या कंपनीचा टॅबवाला सेल पुरे आहे. कवचाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने बदलल्याचं साल लिहा, म्हणजे पुढचा सेल कधी घालायचा ते कळेल, आणि दर दोन-तीन वर्षांनी गोल्डच्या सेव्हची नवी प्रत काढून दोन ठिकाणी ठेवा.